निळी शाई, काळी शाई आणि क्लोरीन

आदिलाबादेत कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली माझे टेबल गेली सव्वीस वर्षे उभे आहे, आणि त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून दोन दौती आहेत. एकीत निळी शाई असते. बाजारात मिळणारी गोळी पाण्यात विरघळवून ती तयार होते, आणि उन्हात धरली तर किंचित जांभळी दिसते. दुसरीत काळी. ही मी स्वतः करतो. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर तांब्याचे झाकण धरून काजळ जमवायचे, उटनूरच्या बाजूने येणारा धावड्याचा डिंक भिजत घालायचा आणि दोन्ही दिवसभर खलत बसायचे. निळीने रोजचे अर्ज, काळीने जमिनीचे आणि वारसाचे कागद, अशी शिस्त मला माझ्या उस्तादांनी घालून दिली होती. ते निजामाच्या अमदानीतले अर्जनवीस. शिस्तीचे कारण विचारले तर ते म्हणत, "लिहीत राहा, कळेल."

मला ते उस्तादांच्या मृत्यूनंतर कळले, आणि एका मूलद्रव्याने कळविले. या दिवाळी अंकासाठी माझे काही गमतीदार अनुभव लिहून द्यावेत अशी मागणी आली, तेव्हा गमतीदार अनुभव इतर पुष्कळ जण लिहितील असा विचार करून मी हा विषय निश्चित केला आहे. अर्जनवीसाने रसायनावर लिहावे, हे काही विद्वानांस रुचणार नाही. माझे शालेय शिक्षण आठवीत थांबले, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या पदार्थाने माझी भाकरी वाचविली, माझा गर्व उतरविला आणि माझ्यावर एक न फिटणारा दोष ठेवला, त्याच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो, असे माझे नम्र मत आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी आमच्या धंद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. अर्ज लिहिणे म्हणजे अक्षर काढणे नव्हे. माणूस येतो तो आजोबांपासून सुरुवात करतो. भांडण कोणाशी, बैल कोणाचा, मेहुणा काय बोलला, सगळे सांगतो. फक्त त्याला काय हवे ते सांगत नाही. ते त्याच्या बोलण्यातून बाहेर काढणे हे अर्जनवीसाचे काम. मग ते कोणाकडे मागायचे, कोणत्या शब्दांत मागायचे आणि किती मागायचे, हे ठरवावे लागते. आमच्या गावी तर अर्जदार मराठीत रडतो, अर्ज तेलुगूत जातो आणि जुना दाखला उर्दूत निघतो. या तिन्ही भाषांत मी लिहितो. माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या दोषामुळे परत आला, असे क्वचितच घडले असेल.

आता त्या मूलद्रव्याकडे येतो. त्याची आणि माझी पहिली भेट ऐंशीच्या दशकात, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास झाली.

हैदराबादहून कोणी मोठे अधिकारी तपासणीला येणार होते. कचेरीचे चपराशी बाबूमियाँ सकाळपासून संडास धुण्यात गुंतले होते. त्यांनी प्रथम ब्लीचिंग पावडर टाकली. डाग निघेनात, म्हणून वरून तेजाबाची, म्हणजे आम्लाची, बाटली रिकामी केली. पुढच्या पाच मिनिटांत सगळी कचेरी खोकत बाहेर आली. ज्या साहेबांची भेट मिळावी म्हणून मी शेकडो लोकांना अर्ज लिहून दिले होते, ते साहेब नाकाला रुमाल लावून माझ्याच बाकावर येऊन टेकले. मागून दोघांनी धरून आणलेले बाबूमियाँ जमिनीवर आडवे पडणार, इतक्यात एक माणूस ओरडला.

"खाली बसू नका कोणी! वारा येते त्या बाजूला चला, उंचावर चला! हा वायू जड हाय, जमिनीवर रेंगाळते!"

ते वाघमारे सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले होते, आणि सर त्यांच्या घरातले पहिले मॅट्रिक. बदलीच्या अर्जासाठी ते माझ्याकडे आले होते आणि माझी वाक्ये लांब असतात अशी तक्रार करीत होते.

"बाबूमियाँ, काय टाकलं तुमी?" सरांनी विचारले.

"पौडर डाला, सर," बाबूमियाँ खोकत म्हणाले. "फिर तेजाब डाला. डबल सफाई करा मैं!"

"अजून थोडा वेळ आत राह्यले असते तर तुमचीच सफाई झाली असती."

बाबूमियाँ तीन दिवस दवाखान्यात होते, आणि खोकला त्यांना पुढे कित्येक महिने पुरला. त्या दिवशी माझ्या बाकावर बसून सरांनी मला सांगितले ते असे. या मूलद्रव्याचे नाव क्लोरीन. सुटा असेल तेव्हा तो पिवळट हिरवा वायू असतो, हवेहून जड, फुप्फुसे जाळणारा. ब्लीचिंग पावडरीत तो चुन्याशी बांधून ठेवलेला असतो. वर तेजाब पडले की बांधणी तुटते आणि तो सगळा एकदम उठतो. पाण्यात टाकली तर मात्र तोच पटकीच्या आणि जुलाबाच्या जंतूंना मारतो, आणि माणूस ते पाणी पिऊन जगतो.

"तुमच्या ताटातल्या मिठात वजनानं अर्ध्याहून जास्त हाच हाय, मुन्शीजी."

"मग जेवताना कोणी खोकत का नाही?"

"मिठात त्याले जोडीदार हाय. पक्का बांधून हाय. सुटला की मंग कोणाचा नाई."

"म्हणजे आमच्या कचेरीतल्या काही लोकांसारखा," मी म्हणालो. साहेब बाकावर अजून बसलेले आहेत, याचा मला विसर पडला होता.

मग सरांची नजर माझ्या दौतींकडे गेली. त्यांनी एका कागदावर मला दोन्ही शायांनी माझे नाव लिहायला सांगितले, पाण्यात चिमूटभर पावडर कालवून वरचे निवळ पाणी घेतले आणि त्याचा बोळा दोन्ही नावांवरून फिरविला. निळे नाव माझ्या डोळ्यांदेखत फिके झाले आणि गेले. काळे जसेच्या तसे राहिले.

"काजळ म्हणजे निव्वळ कार्बन," सर म्हणाले. "क्लोरीनचे दात त्याले लागत नाईत."

उस्तादांना क्लोरीन हा शब्द ठाऊक असणे शक्य नव्हते. पण कोणती शाई धुतली जाते आणि कोणती जात नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. कचेऱ्यांतून शाई पुसण्याच्या दोन छोट्या बाटल्यांची जोडी असे. तिच्यातल्या एकीत हेच क्लोरीनचे पाणी. पुढे वर्षभरातच कचेरीने निळ्या शाईत केलेल्या वारसांच्या एका यादीतले विधवेचे नाव असेच धुतलेले निघाले, आणि माझ्याकडच्या काळ्या शाईतल्या नकलेवरून ते पुन्हा लागले. तो प्रसंग मी विस्ताराने सांगू शकतो, पण सांगत नाही. आपल्या विजयाच्या गोष्टी माणसाने आखूड सांगाव्यात आणि चुकीच्या पूर्ण सांगाव्यात, असा नियम मी या लेखापुरता स्वीकारला आहे.

चूक बोरटेकडीची. गुडीहत्नूरच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत, हे चाळीस-पन्नास घरांचे गाव. कापूस आणि ज्वारी पिकवणारे लोक. पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, आणि तीही नाल्याच्या काठाला. त्यानंतरच्या एका आषाढात नाल्याचे पाणी विहिरीत उतरले आणि आठवड्यात घरोघर उलट्या आणि जुलाब सुरू झाले. एका दुपारी दोन माणसे माझ्या टेबलापाशी आली. एक सुमनबाई, चाळिशीची, पदर कमरेला खोचलेली. दुसरे तिच्या शेजारचे नारबा, सत्तरीचे, हातात काठी.

"मुन्शीजी, अर्ज लिवाचा हाय," सुमनबाई म्हणाली.

"कशाचा?"

"हिरीचा."

"विहिरीचे काय मागायचे आहे? गाळ काढायचा, कठडा बांधायचा, की नवी विहीर?"

"मले हीर नाई मांगाची. मले पाणी पाह्यजे." ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "माही पोर कांता बाळंतपणाले आली हाय. आठवा महिना लागला. घरात दोघं पडले. आज ना उद्या तिचा नंबर लागन. तिले कोणतं पाणी पाजू, ते तुमच्या सरकारले विचारा."

"सासरी पाठवा तिला काही दिवस."

"सासरच्या वाटेवर नाल्याले पूर हाय. आठव्या महिन्याच्या पोरीले डोक्यावर नेऊ का?"

"आमच्या मुन्शीले नाला ठाऊक नाई," नारबा हसून म्हणाले. "त्याईले फक्त कागदाचा पूर ठाऊक."

मी अर्ज लिहिला. तो उत्तम होता, हे आजही म्हणेन. मागणी एकच ठेवली: विहीर शुद्ध करण्यासाठी ब्लीचिंग पावडरच्या दोन थैल्या तातडीने मिळाव्यात. गरोदर स्त्रियांचा उल्लेख केला, आणि विलंब झाल्यास जबाबदारी कोणाची, हे अतिशय आदरपूर्वक विचारले.

आणि त्याच वेळी मी एक दुसरा कागद लिहिला. आमच्या धंद्यात ती रीत होती. माल मिळाला की पोच द्यावी लागते, आणि तेवढ्यासाठी गावच्या लोकांना पुन्हा आदिलाबादेस यावे लागते. त्यांचा खेटा वाचावा म्हणून आम्ही अर्जाबरोबरच पोच लिहून, त्यावर अंगठे घेऊन, कचेरीत देऊन ठेवीत असू. माल गेला की कारकून त्यावर तारीख घालीत. मजकूर ठरलेला होता: सदरहू माल चांगल्या स्थितीत मिळाला, तक्रार नाही.

नारबांनी अंगठा पुढे केला, आणि मागे घेतला.

"माल आला नाई त पोच काऊन घेता, मुन्शी?"

"तुमचाच खेटा वाचावा म्हणून, नारबा."

"असं व्हय? मंग जेवाच्या आंधीच ढेकर देऊन घेतो," असे म्हणून त्यांनी पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर उठवला. सुमनबाईनेही उठवला. आम्ही तिघेही हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी जीपमधून दोन थैल्या बोरटेकडीत पोहोचल्या. ही बातमी मी शेजारच्या दोन्ही अर्जनवीसांना ऐकू जाईल अशा आवाजात वाघमारे सरांना सांगितली. सरांनी मला, आणि माझ्यामार्फत गावाला, पद्धत सांगून ठेवली होती. पावडर उघड्यावर, तोंडाला फडके बांधून कालवावी. बादलीत चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे. ती बादली विहिरीत सोडून वर-खाली ओढावी, म्हणजे औषध सगळीकडे मिसळते. दिवस मावळताना हे करावे आणि सकाळी पाणी भरावे. गावाने सगळे तंतोतंत केले.

आठव्या दिवशी सुमनबाई एकटीच आली.

"नारबा कुठे आहेत?" मी विचारले.

"गेले."

"कुठे?"

तिने बोट वर केले. मग म्हणाली, "परवा. एका दिवसात. बोलता बोलता वाळून गेले."

"विहिरीत पावडर टाकली नव्हती?"

"दोनदा टाकली. तुमी सांगतलं तसंच टाकली. मुन्शीजी, शाळेच्या मोरीत टाकतात ते पावडर नाकाले झोंबते. डोळ्याले पाणी आणते. हे पीठ हाय निसतं. लहान लेकरानं तोंडात घातलं तरी थुंकाचं नाई." तिने पदराच्या गाठीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. "कांताले कालपासून सुरू झालं. बैलगाडीत घालून हमरस्त्याले आणलं, इथं दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणते, पोर वाचन, पोटातलं बी वाचन. पण पुन्हा असं झालं त सांगता येत नाई. चार दिवसानं सोडून देतात. मंग घरी नेऊन कोणतं पाणी पाजू?"

तोच प्रश्न तिने दुसऱ्यांदा विचारला होता. पहिल्या वेळी मी त्याचे उत्तर दिले, असे मला वाटले होते.

मी पुडी घेऊन आत राजन्नाकडे गेलो. राजन्ना हे पावडर पुरविणाऱ्या खात्याचे कारकून. खात्याचे नाव मी येथे लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता. कागदाबाहेर पाऊल टाकीत नसे, इतकेच.

"नया स्टॉक तब मिलेगा, मुन्शीगारू, जब पुराना खराब निकला," ते म्हणाले. "पुराना तो खराब नहीं है." त्यांनी फाईल उघडून पोच माझ्यासमोर धरली. "चांगल्या स्थितीत मिळाला. तक्रार नाही. ये अक्षर किसका है?"

अक्षर माझे होते. इतके सुवाच्य की नाकारण्याची सोय नव्हती. खाली नारबांचा अंगठा होता.

मी बाहेर येऊन बसलो. सुमनबाईने काय झाले ते विचारले नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखले असावे. ती फक्त म्हणाली, "तुमचाच कागद तुमाले आडवा आला ना?"

संध्याकाळी वाघमारे सर आले. त्यांनी पुडीचा वास घेतला, पाण्यात कालवली आणि त्यात माझ्या निळ्या दौतीतले दोन थेंब टाकले. शाई तशीच राहिली. सरांनी सांगितले की हा क्लोरीन चुन्याशी बांधलेला असला तरी मिठातल्यासारखा पक्का बांधलेला नसतो. पत्र्याच्या गोदामात, उन्हाळ्याच्या उष्णतेत, पावसाळ्याच्या ओलीत तो हळूहळू निसटून जातो. वर्षभर पडून राहिलेल्या थैलीत मागे फक्त चुना उरतो. थैली तीच, शिक्का तोच, वजनही जवळपास तेच.

"मेलेली पावडर हाय ही," सर म्हणाले. "दुसरा अर्ज लिहा."

दुसरा अर्ज लिहिणे सोपे नव्हते. पावडर मेलेली होती असे म्हणायचे, तर पोच खोटी होती असे म्हणावे लागे. पोच खोटी म्हटली, की अंगठे देणाऱ्यांवर खोटा कागद केल्याचा ठपका येई. एक अंगठा देणारा तर आता आपली बाजू मांडायला उरला नव्हता. हा ठपका फक्त एकाच माणसाकडे वळविता येत होता. खोटा कागद लिहिणाऱ्याला कचेरीच्या आवारात बसू देत नसत. माझ्या शेजारच्या दोघांची नजर माझ्या कडुलिंबाच्या सावलीवर कित्येक वर्षे होती. हे सगळे मी सरांना सांगितले. त्यांनी युक्तिवाद केला नाही.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "वाक्य या खेपेले आखूड लिहा."

मी नेहमीच्या सवयीने टाक निळ्या दौतीत बुडविला होता. तो पुसला, आणि काळ्या दौतीत बुडविला. मी लिहिले: सदरहू पोच माल येण्यापूर्वी मी लिहिली. तीतील मजकूर खरा नाही. अंगठा देणाऱ्यांस मी तसे करावयास सांगितले. दोष त्यांचा नाही, अर्जनवीसाचा आहे. या पोचेमुळे माल न तपासताच वापरात आला, आणि त्या दिवसांत नारबा हे गृहस्थ मरण पावले. आणि त्याखाली मागणी: शिक्काबंद डब्यातील ताजी पावडर आजच मिळावी, आणि ती देण्यापूर्वी तिची परीक्षा अर्जदारासमक्ष व्हावी.

दुसरी थैली गावात अजून उघडलेली नव्हती. सुमनबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेली आणि दुपारी ती थैली बसच्या टपावर टाकून घेऊन आली. शिलाई आणि शिक्का शाबूत. सरांनी आदिलाबादच्या पाण्याच्या टाकीवरून ताज्या पावडरीची बाटली बूच लावून आणली. त्यांच्या शाळेतले काचेचे ग्लास घेऊन आम्ही तिघे साहेबांच्या दालनात उभे राहिलो. हे तेच साहेब, जे एकदा माझ्या बाकावर बसून खोकले होते.

त्यांच्यासमोर थैलीचा शिक्का तोडला. सरांनी एका ग्लासात थैलीची पावडर, दुसऱ्यात बाटलीतली, सारखीच कालवली. मी माझी निळी दौत पुढे केली. दोन्हींत तीन तीन थेंब. बाटलीच्या ग्लासातला रंग ढवळता ढवळता उडाला. थैलीचा ग्लास जांभळट दुधासारखा राहिला.

साहेब हुशार होते. ते म्हणाले, "इससे क्या साबित हुआ? आपकी स्याही चूने में वैसे ही रहती होगी, या जाती होगी, मुझे क्या मालूम? इसमें दवा बिलकुल नहीं है, ये कैसे मानूँ?"

सरांनी दोन्ही ग्लास पुन्हा ढवळले. शाळेतल्या प्रयोगात हा प्रश्न कोणी विचारला नसावा. मी मात्र खिशात हात घातला. तंबाखू खाण्याचे व्यसन मी कधी समर्थनीय मानले नाही, परंतु त्या दिवशी त्याने काम केले. चुन्याची डबी काढली, तिसऱ्या ग्लासात बोटभर चुना कालवला आणि तीन थेंब टाकले.

तिसरा ग्लास आणि थैलीचा ग्लास साहेबांनी खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरले. बराच वेळ पाहिले. कोणता कोणता, ते त्यांना सांगता येईना.

"यह चूना हमने गाँव को पिलाया?" त्यांनी राजन्नाकडे वळून विचारले.

मग साहेबांनी माझा अर्ज वाचला. दोनदा वाचला.

"ये आपने खुद लिखा? अपने ही ख़िलाफ़?"

"जी. माझ्या हातचा अर्ज आहे."

त्याच दिवशी ताज्या पावडरीचा बंद डबा जीपमधून निघाला, आणि यावेळी मी सोबत गेलो. डब्याचे झाकण उघडताच सुमनबाईने डोळे मिटून घेतले, तिला ठसका लागला, आणि ठसका संपायच्या आत ती म्हणाली, "हां! हे हाय पावडर!" दोन दिवस सलग विहिरीत औषध पडले. तिसऱ्या सकाळी पाण्याला किंचित वास होता. बायका नाक मुरडू लागल्या, तेव्हा सुमनबाईने पहिला तांब्या स्वतः तोंडाला लावला. "वास येते तवर जित्तं हाय समजा," ती सगळ्यांना सांगू लागली. याहून सोपी व्याख्या सरांनाही करता आली नाही.

चौथ्या दिवशी कांता घरी आली. गावात नवा रोगी निघाला नाही. तिला मुलगी झाली, ती आता शाळेत जाते, आणि मला मुन्शीआजा म्हणते.

माझ्या दोषाबद्दल साहेबांनी मला महिनाभर आवारात बसण्यास मनाई केली. मी ती शिक्षा मान्य केली आणि तो महिना रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या हॉटेलाच्या सावलीत काढला. माझी गिऱ्हाइके रस्ता ओलांडून आली, हे सत्याला धरून नमूद करतो. कचेरीतही एक बदल झाला: थैल्या जाण्यापूर्वी राजन्ना एका ग्लासात शाईचे थेंब टाकून पाहू लागले. त्यासाठी शाई ते माझ्याकडून मागून नेत.

महिना संपल्यावर मी पुन्हा कडुलिंबाखाली टेबल लावले, त्या दिवशी राजन्नांनी मला आत बोलावले. दालनात कोणी नव्हते. टेबलावर बोरटेकडीची फाईल उघडी होती आणि शेजारी शाई पुसण्याच्या दोन छोट्या बाटल्या.

"मुन्शीगारू, काम तो हो गया," ते हलक्या आवाजात म्हणाले. "साहब की बदली हो रही है. नया साहब आएगा, फाईल पढ़ेगा. ये तुम्हारी चार लाइन हमेशा तुमको काटेगी. मैं निकाल देता हूँ. किसको मालूम पड़ता?"

मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांनी काडीने दोन थेंब माझ्या वाक्यावर सोडले, टिपकागद दाबला आणि उचलला. अक्षर हलले नव्हते. त्यांनी आणखी दोन थेंब सोडले. कागद पिवळा पडला, अक्षर काळेच राहिले.

"जाता नहीं," ते आश्चर्याने म्हणाले.

"जाऊ नये म्हणूनच त्या दौतीतून लिहिले, राजन्ना."

मग राजन्नांना वाटले असावे की निदान काहीतरी करावे. त्यांनी काडी पुन्हा उचलली आणि फाईलीतले मागचे पान उलटले. तेथे माझी निळ्या शाईतली जुनी पोच होती, आणि तिच्याखाली नारबांचा अंगठा, पॅडच्या जांभळ्या शाईतला, सगळ्या रेषांसह स्पष्ट. वृद्धाने तो हसत उठविला होता. तो दोन थेंबांत गेला असता.

मी बाटलीचे बूच उचलले आणि स्वतःच्या हाताने घट्ट बसविले.